मल्लखांबाला मुभा, लाँग ऑनला मनाई

करोनाकाळातले सरकारी आदेश साहित्य म्हणून कुणी वाचले नाहीत, ही मराठी समीक्षेची मोठीच उणीव म्हणायला हवी. मार्च २०२०पासून २०२२च्या गुढीपाडव्यापर्यंत हे वाङ्मय अखंड प्रसवत होतं. त्यात ‘पुनश्च हरिओम’चा भक्तिरस होता, ‘ब्रेक द चेन’चा वीररस होता आणि ‘पुढील आदेशापर्यंत’ हे करुणरसाचं पालुपद तर पानापानावर होतं. पात्रंही भरपूर होती: दुकानदार, कामगार, वऱ्हाडी, मोजून मोजून सोडलेले अंत्ययात्री, चित्रीकरणाला निघालेले कलाकार. खेळणारं मूल मात्र या ग्रंथात हुडकावं लागतं. ते पहिल्यांदा भेटतं घरी थांबायला सांगितलेल्यांच्या यादीत. ६५ वर्षांवरचे ज्येष्ठ, सहव्याधी असलेले, गरोदर स्त्रिया आणि १० वर्षांखालची मुलं, अशी ती केंद्र सरकारची यादी. नऊ वर्षांच्या पोराला मधुमेही आजोबांच्या पंगतीला बसवणारा हा बहुधा एकमेव सरकारी दस्तऐवज असेल. प्रत्यक्षात झालं असं, की आजोबा कोथिंबिरीचं निमित्त काढून कोपऱ्यापर्यंत जाऊन येत राहिले आणि नातू तेवढा खरोखर घरी बसला.

मुलांचे मैदानी खेळ सगळ्यांत शेवटी सुरू झाले याचं कारण ते सगळ्यांत धोक्याचे होते, असा आपला अजूनही समज आहे. तो समज पुराव्यावर टिकत नाही. खरं कारण जास्त साधं आणि जास्त घरगुती आहे. मैदान बंद राहिल्यानं कुणाचा गल्ला अडत नव्हता आणि बऱ्याच जणांची दुपारची झोप सुधारली होती. नवी मुंबईसारख्या, मैदानं नकाशावरच आखून घेतलेल्या शहरातही जे घडलं ते पाहिलं, की साथरोग कायद्याच्या आडून किती जुन्या इच्छा पूर्ण करून घेता येतात हे ध्यानात येतं.

सुरुवात ३१ मे २०२०च्या आदेशापासून करू. ३ जूनपासून पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळेत मैदानं, बागा, समुद्रकिनारे व्यायामासाठी खुले झाले. चालणं, पळणं, सायकल चालवणं याला परवानगी. एकत्र येऊन काही करायचं नाही. मुलांबरोबर मोठं माणूस हवंच. आदेश वाईट हेतूनं काढलेला नव्हता. सायकलला तर त्यात खास शिफारस होती, कारण सायकलवर अंतर आपोआप राहतं. पण तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे व्यायाम म्हणजे काय होतं, हे लगेच कळतं. पाम बीच रस्त्याच्या कडेनं कानात बोंडं खुपसून, मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजत, भविष्यातल्या हृदयविकाराला मागे टाकत निघालेला पन्नाशीचा गृहस्थ, हा त्या आदेशाचा नायक. मूल असा व्यायाम करत नाही. कुठल्याही धडधाकट पोराला ‘जा, एकटाच पळून ये’ म्हटलं, तर ते पहिला प्रश्न विचारतं, ‘कुणाच्या मागे?’ त्याच्या लेखी पळणं म्हणजे कुणाला तरी गाठणं किंवा कुणाला तरी चुकवणं. दुसरा गडी काढून घेतला की खेळ उरत नाही, उरते ती शिक्षा. आणि मैदानाला एकट्यानं फेऱ्या मारायला लावणं ही शिक्षाच आहे हे पी.टी.चे सर पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आले आहेत.

त्यानंतर आला २९ जुलै २०२०चा आदेश, या सगळ्या वाङ्मयातलं माझं सर्वांत आवडतं पान. ५ ऑगस्टपासून सांघिक नसलेल्या खेळांना मुभा मिळाली. कोणते खेळ? गोल्फ, खुल्या जागेतली नेमबाजी, जिम्नॅस्टिक्स, टेनिस, खुल्या जागेतलं बॅडमिंटन आणि मल्लखांब. यादीची सुरुवात गोल्फनं होते, यातच बरंच काही आलं. नवी मुंबईकरांना तक्रारीला जागा नाही म्हणा. खारघरच्या डोंगराच्या कुशीत सिडकोचं गोल्फ कोर्स आहेच. तुर्भे स्टोअरच्या किंवा दिघ्याच्या चाळीतल्या पोरांनी फक्त क्लबांचा संच खांद्यावर टाकून तिथवर पोचायचं होतं. नेमबाजीचंही तसंच. म्हणजे गोळीचा आवाज चालत होता, ‘हाउझॅट’चा नाही.

यादीतला शेवटचा खेळ मात्र जवळून पाहण्यासारखा आहे. मल्लखांब सांघिक नाही, हे खरं. एका वेळी एकच मुलगा वर असतो, तेव्हा शारीरिक अंतराचा नियम कागदावर शंभर टक्के पाळला जातो. पण पुरलेला मल्लखांब म्हणजे नेमकं काय? जमिनीवर साधारण साडेआठ फूट उभा असलेला, वर निमुळता होत गेलेला सागवानी किंवा शिसवी खांब. खाली जाड अंग, वर मान, टोकाला बोंड. मुलगा जवळपास उघड्या अंगानं त्याला अढी घालतो, मांड्यांनी धरतो, छातीनं बिलगतो, गाल टेकतो, घाम गाळतो आणि उतरतो. मग दुसरा मुलगा त्याच अंगाला, त्याच मानेला, त्याच बोंडाला मिठी मारतो. बरं, आदेशात निर्जंतुकीकरणाची अट होती. मल्लखांबाला लावायचं असतं एरंडेल. दोन मुलांच्या मध्ये त्यावर सॅनिटायझर फवारला, तर तेल जाणार, पकड बिघडणार आणि करोनाआधी अस्थिभंगाचा रुग्ण दाखल होणार. बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईच्या अखेरीस ही विद्या पुन्हा उभी केली, तेव्हा त्यांच्यापुढे पुष्कळ अडचणी असतील, पण ही नव्हती. मल्लखांबाला मुभा मिळाली याचा आनंदच आहे. पृष्ठभागावरून लागण होण्याची भीती फार अवास्तव होती हेही पुढे कळलं. मुद्दा वेगळा आहे. ज्या निकषावर मल्लखांब पास झाला, त्याच निकषावर क्रिकेट नापास कसं झालं? गोलंदाज आणि फलंदाज यांच्यात २२ यार्ड. लाँग ऑनला उभा असलेला पोरगा तर सगळ्या मानवजातीपासून इतका दूर असतो, की त्याला ओव्हर संपल्याचंही हातवारे करून सांगावं लागतं. विलगीकरण याहून कडक काय असणार? राहता राहिला शॉर्ट लेग. तिथं तसंही कुणी राजीखुशीनं उभं राहत नाही. पण क्रिकेट ‘सांघिक’. संघ म्हटलं की गर्दी, आणि गर्दी म्हटलं की बंदी.

‘तेव्हा कुणाला काय माहीत होतं?’ हा पहिला आक्षेप, आणि पहिल्या काही महिन्यांपुरता तो पूर्ण मान्य. एप्रिल-मे २०२०मध्ये वाशीचा कृषी बाजारच साथीचं केंद्र झाला होता आणि तो आठवडाभर बंद ठेवावा लागला, त्या दिवसांत मैदानाचा विषय काढणाऱ्याला लोकांनी हाकललं असतं आणि ते योग्यच झालं असतं. पण माहिती त्याच वर्षी यायला लागली. उघड्यावरच्या संसर्गाबद्दल तोवर झालेल्या अभ्यासांचा एक आढावा २०२०च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. नोंदल्या गेलेल्या संसर्गांपैकी १० टक्क्यांहूनही कमी उघड्या जागेत झाले होते आणि बंद जागेतला धोका कित्येक पटींनी जास्त होता. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये त्याच वर्षीच्या सप्टेंबरात शाळकरी खेळाडूंची पाहणी झाली. सुमारे ३० हजार खेळाडूंत २७१ जण बाधित निघाले आणि त्यातली खेळामुळे झालेली लागण अवघी एक सांगितली गेली. या आकड्यांना देववाणी समजायचं कारण नाही. विस्कॉन्सिन म्हणजे कोपरखैरणे नव्हे, आणि पाहणीत शाळांनीच दिलेली माहिती होती. तरीही विषाणू वाऱ्यावर टिकत नाही, कोंडलेल्या खोलीत रमतो, एवढं त्यातून नक्की कळत होतं. आपल्याकडे मात्र माहिती आल्यावरही नियमांचा क्रम बदलला नाही. तो कशावरून ठरत होता, ते पाहायला तारखा पुरेशा आहेत.

दारूची दुकानं मे २०२०च्या पहिल्या आठवड्यातच उघडायला लागली आणि त्याच महिन्यात दारू घरपोचही झाली. मॉलना मुभा मिळाली ती गोल्फच्याच दिवशी, ५ ऑगस्टला. हॉटेलं आणि बार ५ ऑक्टोबरला. व्यायामशाळा दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला. सिनेमागृहं ५ नोव्हेंबरपासून अर्ध्या खुर्च्यांवर. देवळं १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या मुहूर्तावर. यातल्या प्रत्येकामागे कुणीतरी उभं होतं. हॉटेलवाल्यांची संघटना होती, व्यायामशाळांचे मालक निवेदनं घेऊन नेत्यांच्या दारात गेले, देवळांसाठी घंटानाद झाला, आणि दारूच्या मागे तर साक्षात राज्याची तिजोरी उभी होती. १४ वर्षांखालच्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांची संघटना नाही. त्यांचा महसूल शून्य, मतदान शून्य, आणि घंटानाद करायला त्यांच्याकडे फार तर सायकलची घंटा. त्यांच्या वतीनं बोलणार कोण? पालक? पालकांची शिष्टाई मुलाच्या इंटरनेटचा वेग वाढवून घेण्यात खर्च झाली होती. परिणामी वातानुकूलित, खिडक्या बंद असलेल्या दालनात तीन तास सिनेमा बघणं कायदेशीर झालं, तरी उघड्या मैदानात अकरा विरुद्ध अकरा खेळणं संशयास्पदच राहिलं.

महसुलाइतकंच वजन दुसऱ्या एका गोष्टीचं होतं, आणि त्याबद्दल फार बोललं जात नाही. शांततेचं. नवी मुंबईतल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या फाटकाशी जा. ‘आवारात क्रिकेट, फुटबॉल खेळण्यास सक्त मनाई आहे, हुकुमावरून’ ही पाटी करोनाच्या पुष्कळ आधीची असते, गंजलेली असते. तिच्यापुढे रोज संध्याकाळी वन टप्पा आउटचा खेळ चालायचा आणि चेंडू चिटणीसांच्या गाडीच्या काचेवर बसला, की त्या पाटीचं सामुदायिक वाचन व्हायचं. पाटी आणि पोरं यांच्यातला हा समतोल वर्षानुवर्षं टिकून होता. महामारीनं तो बिघडवला. कमिटीला जे सर्वसाधारण सभेत चार वेळा मांडून मंजूर करून घेता आलं नव्हतं, ते एका आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं पदरात पडलं. सरकारनं मैदान उघडल्यावरही आवार उघडायला कमिट्या तयार नव्हत्या. ‘वरून’ आदेश आला की त्याच्यावर आपली एक वाढीव अट चढवणं हा आपल्या सार्वजनिक जीवनातला खरा सांघिक खेळ आहे. मग वॉचमनच्या हाती तापमापक बंदूक आली. ती मनगटावर रोखली, की अंगाचं तापमान ३३ अंश दाखवायची, म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या समोरचा इसम गारठून शेवटच्या घटका मोजत असायचा. वॉचमन समाधानानं मान हलवायचा आणि नोंदवहीत लिहून घ्यायचा. उलट उन्हात पंधरा मिनिटं पळून आलेल्या पोराचं कपाळ तापलेलं निघालं, की सगळी विंग सावध. बंदुकीचा नियम असा, की गारठलेला मोठा माणूस आत आणि तापलेलं पोर बाहेर.

आता खरा आक्षेप, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलाला काही होणार नाही कदाचित, पण ते घरी आजी-आजोबांसाठी काय घेऊन येईल? नवी मुंबईतल्या सिडकोच्या छोट्या घरांत तीन पिढ्या एका खोली-स्वयंपाकघरात राहतात. विलगीकरणासाठी वेगळी खोली सांगणाऱ्या सूचनापत्रकावर तिथं मटार सोलले गेले. भीती खरी होती आणि तिची किंमत पुष्कळ घरांनी मोजली. पण हा आक्षेप गृहीत धरतो, की मैदान बंद केलं म्हणजे मूल घरात बसतं. दहा-बारा वर्षांचं मूल दोन वर्षं घरात बसत नाही. मैदानाला कुलूप लागलं, की ते जिन्यात जातं, पार्किंगमध्ये जातं, गच्चीच्या दाराशी जातं, मित्राच्या खोलीत पाच जणांत एक मोबाइल घेऊन डोकी जोडून बसतं. म्हणजे आपण मुलांना वाऱ्यावरून उचललं आणि कोंडवाड्यात नेऊन ठेवलं, तेही आजी-आजोबांच्या काळजीपोटी. आजोबांची काळजी करायचीच, तर नातवाला रोज दोन तास उघड्यावर पाठवणं हाच त्यातला बरा मार्ग होता, आणि त्या दोन तासांत आजोबांनाही खिडकी उघडून निवांत श्वास घेता आला असता.

नवी मुंबईला तर हे इतर कुठल्याही शहरापेक्षा सोपं होतं. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली ती एक नियोजित शहर वसवायला. वाशी, नेरुळ, बेलापूर, ऐरोली अशी उपनगरं, त्यांचे सेक्टर, आणि सेक्टरगणिक शाळा, बाजार, मोकळी जागा असा हिशोब कागदावर मांडलेला. साथीच्या काळात सगळं जग ‘बबल’ कसा तयार करायचा म्हणून डोकं फोडत होतं, आणि इथं पन्नास वर्षांपूर्वीच बबल आखून, त्यांना क्रमांक देऊन ठेवले होते. सेक्टरातली पोरं सेक्टरातल्याच मैदानावर. रेल्वे नाही, बस नाही, दुसऱ्या गावचा संघ नाही, प्रेक्षक नाहीत. वीस-वीस मुलांचे ठरलेले गट, ठरलेले दिवस, आणि एखादा बाधित निघाला तर तेवढाच गट घरी. यासाठी ना हॉटेल लागत होतं, ना सल्लागार कंपनी. अडचण इतकीच होती, की ती मैदानं वापरायची असतात हा विचार प्रशासनाला तसा नवाच होता. मैदान म्हणजे वर्षभर प्रदर्शनं, मंडप, लग्नं आणि नवरात्रासाठी राखलेली जागा. मुलं तिथं मधल्या काळात पोटभाडेकरू म्हणून असतात.

सगळेच खेळ सारखे नव्हते, हेही सांगायला हवं, नाहीतर हा युक्तिवाद एकतर्फी होईल. डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात शाळकरी कुस्त्यांचा सामना भरला. मल्ल, प्रशिक्षक, पंच मिळून सुमारे १३० जण. त्यातल्या ३८ जणांना लागण झाल्याचं निष्पन्न झालं, तेही सगळ्यांची चाचणी झालेली नसताना. आणि त्यांच्या संपर्कातून एक मृत्यूही झाला. तेव्हा कुस्तीला थांबवलं तर त्यावर वाद नाही. कबड्डीचं तर विचारूच नका. विषाणूला पसरायला जे जे हवं ते ते या खेळाच्या नियमातच लिहून ठेवलं आहे. चढाई करणाऱ्यानं एका दमात, मोठ्यानं, प्रतिपक्षाच्या तोंडावर शब्द उच्चारत राहायचं आणि मग सात जणांनी त्याच्यावर तुटून पडायचं. साथीच्या काळात कबड्डी शेवटी सुरू व्हावी हे कबड्डीप्रेमीही मान्य करतील. पण खो-खो? मोठ्यांच्या मैदानावर पाटीत बसलेल्या दोन खेळाडूंच्या चौकांत सुमारे २.३ मीटर अंतर असतं. ‘दो गज की दूरी’ म्हणजे १.८ मीटर. शिवाय शेजारी बसलेल्या दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना. पंतप्रधानांनी देशाला जे सांगितलं, ते खो-खोच्या नियमावलीत, वर थोडं वाढवून, आधीपासून होतं. खो देताना पाठीला हात लागतो, हा दोष मान्य; तो क्षणभर लागतो आणि लागल्यावर समोरचा दूर पळून जातो. पण ‘सांघिक’ या एका शब्दात कबड्डी, खो-खो, क्रिकेट आणि फुटबॉल यांची एकच मोट बांधली गेली. खेळ खेळून पाहिलेला एक जरी माणूस मसुदा करताना खोलीत असता, तर हे झालं नसतं.

असा माणूस नव्हता, याचा आणखी एक पुरावा जून २०२१च्या पाच स्तरांच्या कोष्टकात सापडतो. जिल्ह्यांचा आणि शहरांचा स्तर बाधितांच्या टक्केवारीवर आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटांवर ठरायचा. दर गुरुवारी आकडे यायचे, सोमवारपासून स्तर लागू व्हायचा. म्हणजे आपल्याला फुटबॉल खेळायला मिळणार का, हे मुलानं रुग्णालयाच्या खाटांवरून ताडायचं. स्कोअरकार्ड वाचायचं वय आणि पोरं पॉझिटिव्हिटी रेट वाचत होती. जूनच्या अखेरीस सगळंच राज्य किमान तिसऱ्या स्तरावर आलं, त्यात नवी मुंबईही. तिसऱ्या स्तरावर मैदानी खेळांना सकाळी ५ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ परवानगी होती. त्याच स्तरावर संध्याकाळी ५ नंतर संचारबंदी होती. सहाला खेळायचं, पण पाचनंतर घराबाहेर पडायचं नाही. दोन्ही कलमं पाळायची, तर मुलानं पाचच्या आत मैदानात पोचून तासभर निश्चल उभं राहायला हवं होतं, बहुधा लाँग ऑनला. आणि खेळ संपल्यावर रात्रभर तिथंच थांबायला हवं होतं. त्यात ते दिवस पावसाळ्याचे, मैदानात घोटाभर चिखल, आणि साडेसातला अंधार.

पर्याय होते, असं काही जण म्हणतात. ऑनलाइन पी.टी. होती. ती होतीच. पडद्यावर सर हात वर करायचे, नेटवर्कमुळे ते वरच राहायचे, आणि सोफा व फ्रिज यांच्या मधल्या दीड फुटात पोरगं उड्या मारायचं, तोवर खालच्या मजल्यावरून फोन यायचा. बुद्धिबळ मात्र ऑनलाइन खरंच बहरलं. ऑगस्ट २०२०मध्ये पहिलं ऑनलाइन ऑलिंपियाड झालं, भारतीय संघात नागपूरची दिव्या देशमुख होती, वय वर्षं १४. अंतिम फेरीत इंटरनेट कोसळलं, निहाल सरीन आणि दिव्या यांचे डाव वेळ संपून गेले, आणि शेवटी भारत व रशिया यांना संयुक्त विजेते ठरवलं गेलं. खऱ्या अर्थानं शून्य संपर्काचा खेळ, त्यातही संपर्क तुटल्यामुळे घोटाळा झाला. सगळी मुलं दिव्या नसतात. बाकीच्यांच्या हाती त्याच मोबाइलवर काय होतं ते चष्म्यांच्या दुकानदारांना विचारावं.

‘दोन वर्षं नाही खेळली पोरं, तर काय बिघडलं? जीव तर वाचले ना!’ हा शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप. मोठ्यांच्या खेळाला तो लागू पडतो. लहानांच्या खेळाला वयाची अट असते, आणि वय पुढच्या आदेशाची वाट पाहत नाही. नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम हेच उदाहरण घेऊ. १७ वर्षांखालील मुलींची फुटबॉल विश्वचषक स्पर्धा नोव्हेंबर २०२०मध्ये भारतात व्हायची होती आणि अंतिम सामना नेरुळला. ती पुढच्या वर्षावर ढकलली गेली आणि नोव्हेंबर २०२०मध्ये रद्दच झाली. यजमानपद मात्र वाया गेलं नाही. २०२२ची स्पर्धा भारताला मिळाली, ३० ऑक्टोबर २०२२ला नेरुळलाच स्पेननं कोलंबियाला १–० हरवलं. स्टेडियमला त्याचा सामना मिळाला, फेडरेशनला यजमानपद मिळालं, प्रायोजकांना फलक मिळाले. २००३-०४मध्ये जन्मलेल्या ज्या मुली पहिल्या स्पर्धेसाठी तयारी करत होत्या, त्यांना तेवढं काही मिळालं नाही, कारण दुसऱ्या स्पर्धेसाठी २००५ किंवा त्यानंतरचा जन्म हवा होता. ती विश्वचषक स्पर्धा रद्द करावी लागली हे चुकलं असं नाही. जगभरातून संघ आणणं तेव्हा खरंच अवघड होतं. पण मुलांचं वर्ष परत करता येत नसेल, तर त्यांच्या रोजच्या मैदानाला रांगेत पहिलं स्थान मिळायला हवं होतं. मिळालं शेवटचं.

जानेवारी २०२२मध्ये हा विनोद पूर्णत्वाला गेला. ओमायक्रॉन आला आणि १० जानेवारीपासून राज्यात शहर व जिल्हा पातळीवरची शिबिरं, स्पर्धा, सगळं बंद झालं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांना मात्र बबलमध्ये, प्रेक्षकांविना परवानगी होती. त्याप्रमाणे २० जानेवारीला फुटबॉलचा महिला आशियाई चषक सुरू झाला; नेरुळ, अंधेरी आणि बालेवाडी. जागतिक दर्जाचा बबल, ठरावीक दिवसांनी चाचण्या, स्वतंत्र हॉटेलं. तीनच दिवसांनी, २३ तारखेला, नेरुळला भारत विरुद्ध चायनीज तैपेई हा सामना होऊ शकला नाही. बाधितांमुळे भारताला नियमाप्रमाणे लागणाऱ्या १३ खेळाडूसुद्धा उभ्या करता आल्या नाहीत, आणि यजमान संघ स्पर्धेतून बाहेर पडला. त्या खेळाडूंचं दुर्दैव होतं, त्यात हसण्यासारखं काही नाही. हसू येतं ते तर्काचं. बंद हॉटेलातला, एकाच बसमधून जाणारा, एकाच भोजनकक्षात जेवणारा बबल सुरक्षित मानला गेला; आणि त्याच नेरुळच्या यशवंतराव चव्हाण मैदानात सेक्टरातली वीस पोरं उघड्यावर शिबिराला जमली असती, तर तो साथरोग कायद्याचा भंग ठरला असता.

याच काळात घणसोलीत जे चाललं होतं, ते तर कुठल्या विनोदी लेखकाला सुचलं नसतं. तिथं शासकीय क्रीडा संकुलासाठी २००३मध्ये २० एकर जागा राखून ठेवली होती. २०१६मध्ये तिचा काही भाग घरं आणि दुकानांसाठी खासगी विकासकाला देण्यात आला, आणि २०२१मध्ये संकुल रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या नाणोरे इथं हलवायचं ठरलं. अंतर ११५ किलोमीटर. साऱ्या देशाला दोन यार्डांचं अंतर पुरलं. नवी मुंबईच्या मुलांच्या बाबतीत मात्र कोणताही धोका पत्करण्यात आला नाही. वास्तुविशारदांच्या संस्थेचं नवी मुंबई केंद्र त्याविरुद्ध न्यायालयात गेलं आणि जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. निर्णय झाला तेव्हा जो मुलगा १४ वर्षांखालच्या गटात होता, तो निकालाच्या दिवशी १७ वर्षांखालच्या गटात पोचलेला होता, आणि संकुलाच्या जागी अजून संकुल नव्हतं.

साथ पुन्हा येईल तेव्हा नवी समिती नेमली जाईल, तिच्यात सचिव, वैद्यकतज्ज्ञ, पोलिस आणि एखादा निवृत्त ऑलिंपियन असेल. तिच्यात पार्किंगमध्ये खेळणारी दोन पोरंही घ्यावीत, अशी सूचना आहे. ही मागणी भावनेपोटी नाही. अडचणीच्या जागेत, कमी साधनांत, शेजाऱ्यांच्या रोषात आणि अपुऱ्या प्रकाशात खेळ चालू ठेवण्यासाठी नियम तयार करण्याचा अनुभव या राज्यात त्यांच्याइतका कुणालाच नाही. भिंतीला लागून आलेला झेल एका हातानं घेतला तरच आउट, चेंडू कंपाउंडबाहेर गेला तर फलंदाज आउट आणि आणायलाही त्यानंच जायचं, गाडी आली की खेळ थांबवायचा, काळे काका बाल्कनीत असले तर ओरडायचं नाही, मुलं विषम झाली तर एक कॉमन. प्रत्येक नियमाला कारण आहे, प्रत्येक नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे, आणि गरज पडली तर तो दोन मिनिटांत, राजपत्र न छापता बदलता येतो. फक्त ‘ज्याची बॅट त्याची बॅटिंग’ हे कलम त्यांनी मसुद्यात घालायचा आग्रह धरला, तर समितीनं खळखळ करू नये. मंत्रालयात ते आधीपासूनच लागू आहे.